बांधावरची कयलावी

पोळा जवळ आला की आमच्या गावात बैलांच्या शिंगांना कोणता रंग लावायचा याची चर्चा सुरू होते. ज्यांच्याकडे बैल उरले नाहीत तेसुद्धा मातीची जोडी आणून हौस भागवतात. मला मात्र त्या वर्षी पोळ्याचं नावही नकोसं झालं होतं. माझ्या थोरल्या भावाने, नानाने, बायकांच्या मार्फत मला निरोप धाडला होता. "पोया व्हऊ दे, मंग वरना तुकडामा पोकलेन लावसू."

वरचा तुकडा म्हणजे आमच्या सामायिक बरडाचा टेकडीकडचा अर्धा भाग. सातबाऱ्यावर दोघांची नावं एकत्र आहेत, पण आई होती तेव्हाच तोंडी ठरलं होतं की वरचा नानाचा आणि खालचा माझा, मध्ये जुना दगडी बांध. रस्ता रुंद करायचं काम निघालं, त्याला भराव लागत होता, आणि एक कंत्राटदार आसपासच्या टेकड्यांचा मुरूम उचलत सुटला होता. शेजारच्या बरडात त्याने पाडलेला खड्डा मी रोज बघायचो. माझ्या तुकड्यात जे पाणी मुरायचं ते नानाच्या उतारावरून झिरपत यायचं. वरचा उतार गेला की खाली मी कितीही डोकं आपटलं तरी काही टिकणार नव्हतं, आणि मी तिथे काय टिकवायला बघत होतो ते नानाने कधी विचारलं नव्हतं.

काळजी करणं हा माझा पिंडच. बायको म्हणते, यांना एखाद्या दिवशी काळजी नसली तर आज काळजी कशी नाही याची काळजी करतात. तिचं खोटं नाही. माझी उभी नोकरी दीपनगरला वीजकेंद्रात बॉयलरवर गेली. समोर काटे असायचे आणि काटा जरा हलला की उठून बघायचं, याचाच मला पगार मिळायचा. निवृत्त झालो, भुसावळहून सुरतेकडच्या गाडीत सामान टाकलं, दोंडाईच्याला उतरलो आणि गावी येऊन राहिलो. काटे सुटले, पण बघण्याची खोड सुटली नाही.

बरडाचा नाद लागला तो कोरोनाच्या काळात. तोवर आमच्या गावात जवळपास प्रत्येक निंबावर गुळवेल चढलेली असायची आणि तिच्याकडे कोणी ढुंकून बघायचं नाही. मग कोणीतरी सांगितलं की काढा प्या, आणि लोक कोयते घेऊन निघाले. वेल तोडला असता तर पुन्हा फुटला असता, लोकांनी तो मुळासकट ओढला. बघता बघता गावातले सगळे निंब मोकळे झाले. पुढे कोणाला ताप आला की दोंडाईच्याच्या दुकानातून गुळवेलीच्या गोळ्यांची बाटली यायला लागली. मला त्या बाटलीचा इतका राग यायचा की घरात ती समोर दिसली तरी मी उचलून फडताळात मागे सारायचो.

आमचं बरड तेव्हा कोणाच्या खिजगणतीत नव्हतं. सगळीकडे वेडी बाभूळ, मधून घाणेरी, आणि जिथे तेही नाही तिथे उघडा मुरूम. लहानपणी मात्र घरात कोणाचं पोट दुखलं की आई तिकडे जायची आणि पदरात मुरडशेंग बांधून आणायची. खोकला असला तर अडुळसा, बाळंतीण असली तर शतावरीच्या मुळ्या. मी ठरवलं की आपल्या खालच्या तुकड्यात हे परत आणायचं. ठरवलं असं म्हणतो खरा, पण ते एखाद्या हट्टी पोरासारखं डोक्यात बसलं होतं.

बाभूळ तोडली. ती पुन्हा फुटली, पुन्हा तोडली. उताराला आडव्या चरी खोदल्या, दगड वेचून ओळीने रचले, मेंढ्या येऊ नयेत म्हणून बोरीच्या काट्यांचं कुंपण घातलं. मेंढपाळांशी भांडलो, मग चहा पाजून समेट केला. रोपवाटिकेतून रोपं आणून लावली. पहिल्या उन्हाळ्यात ती घागरीने पाणी घालूनही वाळली. पुढच्या खेपेला शतावरी चांगली धरली, तर रानडुकरांनी एका रात्रीत मुळ्या उकरून फस्त केल्या. बायकोने विचारलं की तुम्ही डुकरांसाठी आयुर्वेदिक खानावळ काढली आहे का. सकाळचा पहिला चहाही उतरला नव्हता आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली.

शेवटी मी लावणं सोडून दिलं आणि नुसती राखण करायला लागलो. चरी गाळाने भरल्या की उपसायच्या, कुंपण निसटलं की बांधायचं, आणि वणवा लागेल या भीतीने उन्हाळाभर टेकडीकडे बघत बसायचं. बॉयलरला काटा तरी होता. इथे काही सुधारतंय की बिघडतंय हे सांगणारं काहीच नव्हतं. कित्येकदा वाटलं की आपण नुसते दगड इकडचे तिकडे करतोय आणि गाव आपल्याला हसतंय. गाव हसतही होतं.

पण गवत बदललं. आधी सगळं कुसळ होतं, मग गुरांच्या आवडीचा पवन्या दिसला, मग चरींच्या कडेने मारवेल. एका पावसाळ्यात भुईआवळा आला. एका हिवराच्या बुंध्याशी गुळवेलीचं हिरवं बोट वर निघालेलं दिसलं, आणि त्या दिवशी मी घरी जाऊन उगाचच बायकोच्या स्वयंपाकाची तारीफ केली. हे काही मी लावलेलं नव्हतं. जमिनीला जरा उसंत मिळाली होती, एवढंच. आणि नेमकं तेव्हाच नानाचा पोकलेनचा निरोप आला.

नानाचं आणि माझं भांडण कशावरून झालं हे विचाराल तर दोघांनाही धड सांगता येणार नाही. पाइपलाइनच्या एका वळणावरून सुरू झालं एवढं आठवतं. ती पाइपलाइन नंतर काढूनही टाकली, पण अबोला राहिला. लग्नकार्यात समोरासमोर आलो की दोघं मांडवाच्या खांबाकडे बघायचो. काही सांगायचं असलं तर माझी बायको वहिनीला सांगायची आणि वहिनी नानाला. त्यामुळे नानाकडे जाऊन "वरचा तुकडा देऊ नकोस" असं म्हणायची मला सोय नव्हती. बायकोकरवी निरोप धाडला, तर उत्तर आलं की ज्याने त्याने आपापलं बघावं. आणि कागदावर नसली तरी आईच्या शब्दाने ती जमीन त्याच्या वाट्याची होती, हेही खरंच. मी रोज सकाळी बरडावर जायचो आणि रोज मला वाटायचं की आज तिथे चुन्याच्या रेषा मारलेल्या असतील.

श्रावणात, नागपंचमी होऊन घरोघरी कानबाई देवी बसायच्या सुमारास, बांधावर एक वेल दिसला. तो दगडांच्या फटीतून निघाला होता. पानाचं टोक पुढे लांबून दोऱ्यासारखं वळलेलं, आणि त्या दोऱ्याने तो शेजारच्या झुडपाला धरून वर चढत होता. मला ओळखू आला नाही. काही दिवसांनी त्याला फूल आलं तेव्हा मी जागच्या जागी थबकलो. पाकळ्या उलट्या वर वळलेल्या, कडांना सुरकुत्या, खाली पिवळ्या आणि वर लालभडक. फोटो काढून धुळ्याच्या एका निवृत्त वनस्पतीशास्त्राच्या प्राध्यापकांना पाठवला. त्यांचा लगेच फोन आला. म्हणाले, ही कळलावी. औषधासाठी तिचे कंद आणि बिया लोकांनी रानोरान इतक्या उकरल्या की आता शोधावी लागते, तुमच्याकडे आपण होऊन आली असेल तर जपा. आणि सगळं झाड विषारी आहे, हात लावला तर धुवा, शेळ्यामेंढ्यांपासून आणि पोरांपासून दूर ठेवा. मी बांधावरच बसलो आणि खरं सांगायचं तर मला रडू आलं. इतकी वर्षं जमिनीने मला काही उत्तर दिलं नव्हतं, ते त्या दिवशी दिलं असं वाटलं.

घरी आल्यावर बायकोला फोटो दाखवला. तिने मोबाइल हातात घेतला, बघितलं आणि लगेच परत दिला. तिचा चेहरा उतरला. म्हणाली, "अहो, ही तर कयलावी."

आमच्याकडे 'ळ'चा 'य' होतो, म्हणून कळलावीची कयलावी. पूर्वी अडलेल्या बाईला कळा याव्यात म्हणून सुइणी हिचा कंद उगाळून पोटावर लावायच्या, नाव त्यावरून पडलं असं प्राध्यापक म्हणाले होते. पण गावाच्या कानाला कळ म्हटली की दुसरीच कळ ऐकू येते. जो इकडचं तिकडे सांगून भांडणं लावतो त्याला आपण कळलाव्या म्हणतो, तसंच हे झाड. ज्या घरात कयलावी शिरली त्या घरात सख्खे भाऊ वेगळे होतात असं आमच्याकडे लहान पोरसुद्धा सांगेल. कोणाचं वाईट चिंतायचं असलं तर हिचा कंद त्याच्या दारात पुरतात अशीही बोलवा आहे. बायको शिकलेली आहे, तिचा यावर विश्वास नाही, पण फूल घरात आणायचं नाही असं तिने बजावलं. मी म्हटलं, तुझा विश्वास नाही ना? ती म्हणाली, नाही, पण आणायचं नाही.

आता हिला उगवायला जागाही दुसरी मिळाली नाही. बुडखा बांधाच्या वरच्या अंगाला, म्हणजे नानाच्या हद्दीत, आणि वेल चढला होता माझ्या बाजूच्या झुडपावर. मी जितका विचार करावा तितका जास्त घाबरत गेलो. नानाने हे पाहिलं तर तो उपटून टाकणार, हे तर झालंच. पण अबोल्यात असलेल्या भावाच्या बांधावर कयलावी उगवली, आणि शेजारी धाकटा भाऊ वर्षानुवर्षं कसल्या कसल्या वनस्पती लावतोय, तर लोक काय म्हणणार? मुद्दाम लावली म्हणणार. करणी केली म्हणणार. मग पोकलेन थांबवायची उरलीसुरली आशाही संपली. ज्या झाडामुळे मला हुरूप आला होता त्याच झाडामुळे सगळ्यावर पाणी पडणार होतं.

प्राध्यापकांना विचारलं, कंद काढून खाली माझ्या तुकड्यात लावू का? ते म्हणाले, फुलावर असताना हलवाल तर जगेलच असं नाही, कंद ठिसूळ असतो, मोडतो. मग मी तिच्याभोवती बोरीच्या काट्या लावल्या, म्हणजे गुरं येणार नाहीत आणि नजरेलाही पडणार नाही. लावून झाल्यावर मागे सरून बघितलं तर अख्ख्या बांधावर तेवढीच एक जागा काट्यांनी वेढलेली, दुरूनही डोळ्यांत भरणारी. काट्या काढल्या. दुसऱ्या दिवशी एक मेंढरू तिकडे फिरकताना दिसलं, पुन्हा लावल्या. बायको म्हणाली, तुमचं हे असंच चाललं तर कयलावी स्वतःच कंटाळून निघून जाईल.

वहिनीला ते दिसलं पोळ्याच्या थोडं आधी. ती बैलांसाठी गवत कापायला वरच्या तुकड्यात आली होती. मी खाली चरीत होतो. कापता कापता ती बांधापाशी आली आणि थांबली. आधी फुलांकडे बघितलं, मग काट्यांकडे, मग माझ्याकडे. तिने पदर सारखा केला आणि अगदी हळू आवाजात विचारलं की हे तुम्ही लावलं का. मी शपथ घेऊन सांगितलं की नाही, आपण होऊन आलं आहे. तिने मान हलवली, पण ती मान कशासाठी हलली ते मला कळलं नाही. ती गेली तेव्हा गवताचा भारा तिथेच राहिला होता. मी तो बांधाला टेकवून ठेवला, ती परत येईल म्हणून संध्याकाळपर्यंत थांबलो, पण कोणी आलं नाही.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. जेवण जाईना. गावातून कुठल्या तरी मोठ्या यंत्राचा आवाज आला की उठून दारात जायचो. एकदा तो गिरणीचा निघाला, एकदा ट्रॅक्टरचा. बायको आता चेष्टा करत नव्हती, त्यामुळे मी अधिकच घाबरलो.

पोळ्याच्या आदल्या सकाळी नाना बरडावर आला. मी त्याची मोटारसायकल लांबूनच ओळखली. खाली लावून तो चढ चढून आला, आणि त्याच्या खांद्यावर कुदळ होती. माझ्या पायांतलं बळच गेलं. तरी मी चरीतून बाहेर आलो आणि बांधावर, वेलाच्या पुढे जाऊन उभा राहिलो. त्याला हात लावून अडवायची माझी हिंमत नव्हती, तो थोरला. पण बाजूला व्हायलाही पाय निघेना. किती वर्षांनी आम्ही इतके जवळ उभे होतो. त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या हे मला तेव्हा दिसलं.

"नाना, मी लावेल नही," मी म्हणालो. तोंडातून आपोआप अहिराणीच निघाली. दीपनगरला मी कधी बोललो नव्हतो आणि इथे येऊनही फारशी बोलत नव्हतो.

"माले माहीत शे," तो म्हणाला.

त्याने कुदळ दगडावर ठेवली, काट्या एक एक करून बाजूला केल्या आणि उकिडवा बसला. मला वाटलं आता उपटणार. तो नुसता बघत राहिला. मग त्याने बोलायला सुरुवात केली, माझ्याकडे न बघता. मी अगदी लहान होतो, धड चालतही नव्हतो, तेव्हा हे सगळं बरड श्रावणात या फुलांनी लाल दिसायचं. आई मला शेजारणीकडे ठेवायची आणि त्याला बरोबर घेऊन इथे यायची. तो कुदळीने कंद खणायचा, नांगरासारखे वाकडे कंद, आणि आई ते फडक्यात गोळा करायची. दर श्रावणात. एकही राहू द्यायची नाही. घरी आणायचे नाहीत, जाळायचेही नाहीत. फडकं घेऊन ती तापीवर जायची आणि पाण्यात सोडून यायची. त्याने एकदा विचारलं होतं, एवढं कशाला? तेव्हा ती म्हणाली होती की मला दोन पोरं आहेत.

 हे बरड कोणी उजाड केलं याचा हिशेब मी मनातल्या मनात किती वेळा मांडला होता. मेंढ्या, दुष्काळ, वेडी बाभूळ, काढा पिणारे, मुरूमवाले, सगळ्यांवर खापर फोडून झालं होतं. त्यात आमची आई मला कधी दिसली नव्हती.

नानाने हात गुडघ्यांवर ठेवले. मग पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"मायनी बठ्ठी उपटी टाकी," तो म्हणाला. "तरी बी आपन भांडनूतच ना?"

आईने सगळी उपटली होती, आणि तरी आम्ही भांडलो होतोच. मी त्याच्या शेजारी बसलो.  मग त्याने सांगितलं की कुदळ वहिनीने दिली होती. ती दोन दिवस मागे लागली होती की तेवढं काढून टाका, आधीच काय कमी आहे. तो खरंच काढायला म्हणून निघाला होता. चढ चढताना मला बांधावर उभं बघितलं आणि त्याला वाटलं की हा आता मारामारीच करतो. मला हसू आलं, कारण मारामारी करायला निघालेल्या माणसाचे पाय तसे लटपटत नसतात.

त्याने माझ्या तुकड्याकडे बघत विचारलं की तिथे काय काय आलंय. मी गुळवेल दाखवली, भुईआवळा दाखवला, मारवेल कुठपर्यंत आलाय ते दाखवलं. पाणी कसं त्याच्या तुकड्यातून येतं तेही सांगितलं. हे सगळं मी मनात इतक्या वेळा बोललो होतो की सांगताना मला दम लागला. त्याने मध्येच थांबवलं नाही. माझं बोलणं संपल्यावर तो उठला, वरच्या उताराकडे बघितलं आणि म्हणाला, "पोकलेन उनं तं हाऊ बांध बी जाई."

मी म्हटलं, जाईल.

मग तो अडखळला. नानाला अडखळताना मी कधी पाहिलं नव्हतं. त्याने कंत्राटदाराला शब्द दिला होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी यंत्र यायचं ठरलं होतं, आणि ते चार माणसांसमोर ठरलं होतं. दिलेला शब्द नानाने कधी मागे घेतलेला नाही, त्याच्यापायी त्याने नुकसान सोसलंय, हे गाव जाणतं. आता हा माणूस काय करणार या काळजीने माझा जीव पुन्हा टांगणीला लागला.

"सबद मांगे लेवाना शे," तो म्हणाला. "एकलाले माले लाज वाटस. तू संगे चाल."

कुदळ त्याने माझ्या हातात दिली, काट्या होत्या तशा पुन्हा लावल्या, आणि आम्ही खाली उतरलो. त्याने मोटारसायकल सुरू केली, मी मागे बसलो, कुदळ मांडीवर आडवी धरून. गावातून गेलो तेव्हा ओट्यांसमोर बैलांच्या शिंगांना रंग लावणारी माणसं हात थांबवून बघत होती. दोंडाईच्याच्या रस्त्याला लागलो. कंत्राटदाराची यंत्रं जिथे उभी असतात ते ठिकाण लांबून दिसायला लागलं, तसा नानाने गाडीचा वेग कमी केला. मला वाटलं आता वळवतो.

"आनि त्यानी नही म्हनी दिधं तं?" त्याने मान न वळवता विचारलं.

मलाही नेमकी तीच भीती वाटत होती. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "मंग आपन दोन्ही भाऊ त्यानासंगे भांडसूत."